संदर्भासह स्पष्टीकरण

"मॅडम, पण बेणारेबाईंनी सोनोग्राफी कुठं केली होती?"

अकरावीच्या वर्गात विजय तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' हे नाटक वाचून संपलं, तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलानं हा प्रश्न विचारला. वर्गात कोणी हसलं नाही, कारण बहुतेकांच्या मनात तेच होतं. मुलगा वाह्यात नव्हता. नाटकात हौशी नटमंडळी खेळ म्हणून एक खटला उभा करतात आणि त्यात लीला बेणारे या शिक्षिकेवर भ्रूणहत्येचा आरोप ठेवला जातो, आणि बीड जिल्ह्यात वाढलेल्या सोळा-सतरा वर्षांच्या पोराला भ्रूणहत्या या शब्दाचा एकच अर्थ ठाऊक असतो. तो त्यानं एस.टी. स्टँडच्या भिंतीवर वाचलेला असतो, सरकारी दवाखान्याच्या फलकावर वाचलेला असतो, प्रभातफेरीत घसा ताणून ओरडलेला असतो. २०११ च्या जनगणनेत आमच्या जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या मुलांमध्ये हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या. राज्यातला तो सगळ्यात खालचा आकडा. माझ्यासमोर बसलेली ही मुलं त्याच गणतीत मोजली गेली होती. त्यांनी नाटकाचा अर्थ सरळ लावला: एका बाईनं पोटातली मुलगी पाडली, आणि कोर्टानं तिला धरलं. म्हणजे कोर्ट बरोबर, बाई चूक. न्यायाधीश झालेले काशीकर त्यांना कर्तव्यदक्ष वाटले.

मी वीस वर्षं मराठी शिकवते आहे. त्या तासाला मला पहिल्यांदा धडधडीत दिसलं की आपण वर्गात संदर्भ म्हणून जे देतो, तो संदर्भच नसतो.

आमच्या पिढीच्या प्रश्नपत्रिकेत 'संदर्भासह स्पष्टीकरण द्या' हा प्रश्न हमखास असायचा. उत्तराचा साचा ठरलेला होता. हे वाक्य अमुक पाठातलं, अमुक लेखकाचं, अमक्यानं तमक्याला उद्देशून म्हटलेलं. संदर्भ म्हणजे पाठाचं नाव आणि लेखकाचं नाव. तो प्रश्न आता पूर्वीसारखा येत नाही, पण संदर्भाची ती कल्पना आपल्या डोक्यातून गेलेली नाही. तेंडुलकरांच्या या नाटकावर मीही वर्षानुवर्षं टिपणं दिली. साठनंतरची रंगभूमी, मध्यमवर्गीय ढोंगीपणावर प्रहार, स्त्रीचं एकाकीपण. मुलांनी ती पाठ केली, उत्तरपत्रिकेत सुवाच्य अक्षरात उतरवली, आणि मनातून बेणारेबाईंना दोषीच ठरवत राहिली. प्रहार हा शब्द लिहिणाऱ्या कोणालाही प्रहार लागलेला नव्हता.

म्हणून माझं म्हणणं असं आहे. ज्या साहित्यात एखाद्या माणसाचा निवाडा होतो, ते साहित्य त्याच्या काळाशिवाय शिकवणं धोक्याचं आहे. निसर्गकविता काळाशिवाय वाचली तर थोडा रस कमी मिळेल, एवढंच. खटला काळाशिवाय वाचला, तर वाचणारा नकळत न्यायाधीशाच्या खुर्चीशेजारी जाऊन बसतो. आणि तो काळ शिक्षकानं फळ्यावर लिहून दिल्यानं मुलांपर्यंत पोहोचत नाही. मुलांना तो बातम्यांच्या रूपात स्वतः लिहायला लावला पाहिजे. वर्गानं मिळून काढलेलं वर्तमानपत्र हा त्यासाठी मला सापडलेला सगळ्यात खरा मार्ग आहे, आणि त्याला अभ्यासक्रमात हक्काचे तास मिळाले पाहिजेत.

आम्ही नियम एकच ठेवला. अंकावर तारीख डिसेंबर १९६७ ची. नाटक रंगमंचावर आलं ते वर्ष. त्या महिन्यानंतर घडलेलं काहीही तुम्हाला ठाऊक नाही असं समजून लिहायचं. सामग्री म्हणजे चार ड्रॉइंग शीट, स्केचपेन आणि खळ. गावातल्या सार्वजनिक वाचनालयानं जुन्या बांधीव फाइली बघू दिल्या. एका मुलीच्या घरी आजीच्या ट्रंकेच्या तळाला अंथरलेला पिवळा कागद निघाला. तो तिनं वहीत घालून असा आणला, जसं कोणी जखमी पाखरू आणावं.

आणि मग काळ यायला लागला. डिसेंबरच्या सुरुवातीला दक्षिण आफ्रिकेत डॉक्टर बर्नार्ड यांनी माणसाचं हृदय काढून दुसऱ्या माणसात बसवलं होतं. ११ डिसेंबरला पहाटे कोयनेला भूकंप झाला होता. व्हिएतनामचं युद्ध पेटलेलं होतं, चीननं त्याच जूनमध्ये हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली होती. मुलांना पहिल्यांदा उमगलं की नाटकातली ती मुंबईची हौशी मंडळी त्या रात्री गावकऱ्यांपुढं अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांच्यावर अण्वस्त्रांसाठी अभिरूप खटला का चालवणार होती. आधी त्यांना ते जॉन्सन म्हणजे कोणी तरी ख्रिश्चन शेजारी वाटला होता. पान लावता लावता एका मुलीनं विचारलं, "मॅडम, एवढ्या लांबच्या माणसाचा गुन्हा दिसतो यांना, आणि शेजारी उभ्या असलेल्या बाईचे डोळे दिसत नाहीत?" माझ्या वीस वर्षांच्या टिपणांत हे वाक्य नव्हतं.

पण खरं घबाड कायद्याच्या पानावर लागलं. एका मुलाचे मामा तालुक्याच्या कोर्टात वकिली करतात. त्यानं त्यांच्याकडून दंडविधानाचं पुस्तक मागून आणलं. नाटकात बेणारेबाईंवर आरोप ठेवला जातो तो कलम ३०२ खाली. मुलानं पुस्तक उघडलं तर ३०२ खुनाचं कलम. गर्भपाताचं कलम ३१२. तो पुस्तक घेऊन धावतच आला. त्याची बातमी पहिल्या पानावर लागली: चुकीच्या कलमाखाली आरोप. खेळातल्या कोर्टाला कायदाही नीट माहीत नव्हता, आणि त्याची गरजही कोणाला वाटली नव्हती, हे त्या मुलानं कोणाच्या टिपणाशिवाय शोधून काढलं.

पुढं त्यानं ३१२ वाचलं. १८६० चा कायदा. बाईचा जीव वाचवण्याचं कारण सोडलं तर गर्भपात करणं गुन्हा, तीन वर्षांपर्यंत कैद, गर्भात हालचाल सुरू झाली असेल तर सात वर्षांपर्यंत. आणि खाली स्पष्टीकरणात लिहिलेलं: स्वतःचा गर्भ पाडणारी बाईही याच कलमात येते. म्हणजे १९६७ साली लग्न न झालेल्या, दिवस गेलेल्या शिक्षिकेपुढं काय होतं, तर मूल ठेवलं तर नोकरी नाही आणि तोंड दाखवायला जागा नाही, पाडलं तर तुरुंग, शिवाय चोरून करणाऱ्या कोणाच्या तरी हातून मरण्याची भीती. नाटकात तिच्या पर्समध्ये टिक-ट्वेंटीची बाटली असल्याचं साक्षीत येतं. ढेकणाचं औषध म्हणजे काय हे मुलांना माहीत नव्हतं. पण औषधाची बाटली पर्समध्ये असणं म्हणजे काय, हे आमच्या जिल्ह्यातल्या मुलांना सांगावं लागत नाही. वर्ग एकदम गप्प झाला.

सरकारला हा प्रश्न दिसत नव्हता असं नाही. १९६४ साली शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती, तिनं १९६६ च्या अखेरीस अहवाल दिला. वैद्यकीय गर्भपाताचा कायदा झाला १९७१ साली, लागू झाला १ एप्रिल १९७२ पासून. नाटक त्या अहवालाच्या आणि त्या कायद्याच्या मधल्या फटीत उभं आहे. मुलांना १९६७ मध्येच थांबायचं होतं, म्हणून १९७१ त्यांना लिहिता येईना, आणि ती अस्वस्थ झाली. पुढं कायदा होणार आहे हे आपल्याला ठाऊक आहे, तिला ठाऊक नाही. ही अस्वस्थता म्हणजेच इतिहास शिकणं, असं मी मानते. सनावळ्या पाठ करून ती येत नाही.

(तो १९७१ चा कायदाही गर्भनिरोधक साधन निकामी ठरल्याच्या कारणात 'विवाहित स्त्री किंवा तिचा पती' एवढेच शब्द घेऊन आला होता. तिथं 'कोणतीही स्त्री किंवा तिचा जोडीदार' असे शब्द यायला २०२१ ची दुरुस्ती लागली. २४ आठवड्यांपर्यंतची मुभा अविवाहितेलाही आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं सप्टेंबर २०२२ मध्ये. बेणारेबाई हयात असत्या तर तोवर नव्वदीकडे झुकल्या असत्या.)

मग एक पुरवणी निघाली. ठरलेली नव्हती. आरोपातला शब्द किती जुना आहे, हे शोधायला दोन मुली बसल्या आणि मागं मागं जात १८६३ ला पोहोचल्या. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं ते वर्ष. विधवांनी गुपचूप यावं, बाळंत व्हावं, मूल तिथं सोडलं तरी चालेल. फुले पती-पत्नींनी पुढं दत्तक घेतलेला यशवंत अशाच एका विधवेचा, काशीबाईंचा मुलगा. तिथून मुली १८८१ ला आल्या. सुरतेला विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला आपलं अर्भक मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली, अपिलात ती काळ्या पाण्यावर आली. त्या खटल्यावरून वर्तमानपत्रांतून साऱ्या बायकांच्या नीतीचा पंचनामा सुरू झाला. त्याला उत्तर आलं ते बुलढाण्याहून. ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिलं आणि विचारलं की त्या बाईला त्या दशेला पोहोचवणारा पुरुष कुठं आहे. बुलढाणा म्हणजे जालन्याची शीव ओलांडली की पलीकडं. मुलींना ते मुंबई-पुण्याचं वाटलं नाही. त्यांनी पुरवणीत प्रा. दामले यांचा शोध सुरू असल्याची जाहिरात दिली. नाटकात दामले शेवटपर्यंत येतच नाहीत. बेणारेबाईंच्या पोटातल्या मुलाचा बाप त्या कोर्टात हजर नाही, आणि कोर्ट त्याला आरोपी करत नाही.

इथवर सगळं छान झालं असं वाचणाऱ्याला वाटेल. तसं झालेलं नाही. पहिला अंक मला भिंतीवर लावतानासुद्धा हात थरथरला. पहिल्या पानावर, सहा इंची लाल अक्षरात मथळा: 'शिक्षिकेचे प्रताप उघड!' खाली 'परिसरात खळबळ', 'एकच चर्चा'. मुलांनी आज मोबाइलवर आणि गावोगावच्या ब्रेकिंगमध्ये जी भाषा रोज वाचली, तीच १९६७ च्या तोंडात घातली होती. बातमीत शेजारी होते, सहकारी होते, 'सूत्र' होती. आरोपीचं म्हणणं कुठंच नव्हतं.

मी तो अंक फाडला नाही. तो तसाच लावला आणि शेजारी तितकीच जागा मोकळी सोडली.

वर्तमानपत्र हे निर्दोष साधन नाही, हे या प्रयोगाचा पुरस्कार करताना मला सांगितलंच पाहिजे. वर्तमानपत्र स्वतः कोर्ट बनू शकतं. नानावटी खटला मुलांच्या अंकाच्या आठच वर्षं आधीचा. १९५९ साली खुनाचा आरोप असलेल्या नौदलाच्या त्या अधिकाऱ्याच्या बाजूनं 'ब्लिट्झ' साप्ताहिकानं असा काही आवाज उठवला की पंचवीस पैशांचा अंक दोन रुपयांना विकला जात होता. ज्यूरीनं आठ विरुद्ध एक मतानं त्याला निर्दोष ठरवलं, उच्च न्यायालयानं तो निकाल उलटवून जन्मठेप दिली, सर्वोच्च न्यायालयानं १९६१ मध्ये ती कायम केली. तिथं वर्तमानपत्र आरोपीच्या बाजूनं होतं, विजयालक्ष्मीच्या वेळी विरुद्ध. दोन्ही वेळा वर्तमानपत्रानं आपला निकाल छापला होता. मुलांना ही उदाहरणं सांगितली तेव्हा ती आपापल्या लाल मथळ्याकडं बघायला लागली. नाटकातले काशीकर, सुखात्मे, पोंक्षे हे कोणी वेगळे लोक आहेत असं तोवर त्यांना वाटत होतं.

दुसऱ्या अंकासाठी त्यांनी स्वतःच एक गोष्ट ठरवली. निकालाआधी काशीकर बेणारेबाईंना बोलायला दहा सेकंद देतात. नाटकात ती त्या दहा सेकंदांत पानंच्या पानं बोलते, आणि बाकीचे सगळे पुतळ्यासारखे थिजलेले असतात. ती बोलली ते कोणी ऐकलेलंच नाही. मुलांनी मोबाइलवर घड्याळ लावून प्रत्येकाला दहा सेकंद बोलायला लावलं. स्वतःवरच्या कुठल्याही आरोपाबद्दल. सगळ्यात भरभर बोलणाऱ्या मुलीचे चोवीस शब्द झाले. बाकीचे 'म्हणजे मी... त्या दिवशी...' इथंच संपले. मोकळ्या जागेत मग चोवीस शब्दांची चौकट आली. त्या मुलीचेच शब्द. ते इथं देत नाही, तिचे आहेत.

आता जी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, ती. जुन्या फाइली चाळताना एका गटाला चार ओळींच्या बातम्या पुन्हा पुन्हा सापडायला लागल्या. विहिरीत पडून महिलेचा मृत्यू. पाणी शेंदताना पाय घसरून विवाहितेचा मृत्यू. आडात तरुणीचं प्रेत. नाव, गाव, वय, आणि 'पाय घसरला'. मुलांना मी बातमीचे प्रश्न शिकवले होते: कोण, काय, कुठं, कधी, आणि शेवटी कुणी सांगितलं. त्यांनी या बातमीला पाचवा प्रश्न विचारला. पाय घसरला हे कुणी पाहिलं? चार ओळींत त्याचं उत्तर नव्हतं. मग ती घरी गेली आणि आज्यांना विचारू लागली. १९६७ म्हटलं की आज्यांना काही आठवत नाही. त्यांची कालगणना वेगळी असते. रझाकारात, बहात्तरच्या दुष्काळात, सुकडी मिळायची तेव्हा, भूकंपाच्या साली. 'बहात्तरच्या आधी' म्हटल्यावर आज्या बोलायला लागल्या. एका आजीनं नातवाला सांगितलं, "पाय कशाचा घसरतोय बाबा. रोज त्याच थारोळ्यावर उभं राहून पानी शेंदलेलं. तिला दिवस गेले व्हते, कुनी ठिवून घेनार नव्हतं." एवढं सांगून आजी उठून आत गेली. नातवानं ते लिहून आणलं आणि विचारलं, हे छापायचं का?

आम्ही छापलं नाही. गाव लहान आहे, माणसं अजून आहेत. पण छापायचं की नाही यावर झालेला तो एक तास मी माझ्या नोकरीतला सर्वांत चांगला तास समजते. कोणाचं नाव घ्यायचं, कोणाचं झाकायचं, गेलेल्या बाईला न्याय द्यायचा तर जिवंत माणसाचं काय, ऐकीव गोष्टीला पुरावा म्हणायचं का. कुठल्याही न्यायालयात, कुठल्याही संपादकाच्या टेबलावर याहून वेगळं काय चालतं? ती मुलं पुन्हा नाटकाकडं वळली तेव्हा बेणारेबाई त्यांच्यासाठी मुंबईची बाई राहिली नव्हती. ती त्या आडातून वर आलेली बाई होती, जिला एकदा तरी बोलायला मिळालं.

आमच्या भागाचा म्हणूनही या नाटकाशी एक संबंध आहे, तो आमच्या टिपणांत कधी नसतो. नाटकात हा खेळ बेणारेबाईंवर का उलटतो? तर गावातल्या सामंतला कोर्ट कसं चालतं हे दाखवायला. सामंतनं कोर्ट बघितलेलं नाही. १९६७ साली आमच्या माणसांनीही ते कुठं धड बघितलं होतं? निजामाच्या राज्यात न्यायालयाची भाषा उर्दू. आजही आमच्याकडची जुनी माणसं तारखेला जात नाहीत, 'पेशीला' जातात. १९५६ मध्ये मुंबई राज्यात आलो आणि उच्च न्यायालय हैदराबादहून मुंबईला गेलं. औरंगाबादला खंडपीठ यायला १९८१ साल उजाडलं. शहाण्यासुरत्या माणसांनी येऊन आम्हाला कोर्ट समजावून सांगायचं आणि आम्ही बाहेर सतरंजीवर बसून बघायचं, हीच आमची जागा होती. माझी मुलं सामंतच्या गावची आहेत. त्यांनी हे नाटक मुंबईच्या प्रेक्षकासारखं वाचावं, ही अपेक्षाच मुळात चुकीची होती.

या उपक्रमावर आक्षेप आले आणि ते मी हलके मानत नाही. एक वेळेचा. आमच्या शेजारी लातूर आहे आणि लातूर पॅटर्नच्या सावलीत सगळा मराठवाडा शिकतो. त्या पॅटर्ननं कोरडवाहू शेतकऱ्याची, हमालाची पोरं मेडिकलला पोचवली, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे आणि त्याला नावं ठेवणारी मी नाही. पण अपेक्षित प्रश्नांचा सराव मुलाला उत्तर पटकन शोधायला शिकवतो. उत्तर हाताशी असताना 'हे कुणी पाहिलं?' म्हणून थांबणं त्याच्यात बसत नाही, कारण थांबलं की गुण जातात. उद्या हीच मुलं डॉक्टर होतील, फौजदार होतील, तलाठी होतील. पुढ्यात एखादी बाई उभी राहील आणि चार ओळींत काहीतरी लिहायचं असेल. तेव्हा थांबण्याची सवय त्यांना कुठून येणार? आणि भाषेच्या प्रकल्पाचे, तोंडी परीक्षेचे वीस गुण तर आजही आहेतच. ते कसे दिले जातात ते प्रत्येक शिक्षकाला माहीत आहे. झेरॉक्सच्या दुकानात तयार प्रकल्प मिळतात, नाव घालून. त्या वीस गुणांत एक वर्तमानपत्र सहज बसतं.

नाटक हे नाटक म्हणून वाचा, त्याला इतिहासाचं जोडपत्र करू नका, असं माझ्या एका साहित्यप्रेमी सहकाऱ्यानं सांगितलं. त्यात तथ्य आहे. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी नाटक मोठ्यानं वाचायचं, काहीही न सांगता. मग वर्तमानपत्राचा अंक. मग पुन्हा नाटक. पहिल्या वाचनातली चूक झाल्याशिवाय दुसऱ्या वाचनाला अर्थ येत नाही. सोनोग्राफीचा प्रश्न आलाच नसता, तर आम्ही काहीच केलं नसतं.

तिसरा आक्षेप पालकांचा. एक वडील भेटायला आले. रागात नव्हते, अवघडलेले होते. म्हणाले, "मॅडम, तुम्ही शिकवता ते चांगलंच असंल, पर पोरींसमोर ह्या गोष्टी कशाला?" त्यांना मी चहा दिला आणि वर्गातल्या खिडकीजवळचा बाक दाखवला. तिथं बसणारी मुलगी दिवाळीच्या आधी लग्न होऊन गेली होती. सतरावं लागलं होतं. साखर कारखाना सुरू व्हायच्या आत ऊसतोडीच्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घ्यायची असते, आणि उचल मिळते ती कोयत्याला. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्या पोराला उचल कमी. म्हणून हंगामाच्या तोंडावर लग्नं लागतात. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीड जिल्ह्यात विशी-पंचविशीतल्या बायकांपैकी जवळपास ४४ टक्क्यांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं, परभणीत ४८ टक्क्यांचं. राज्याची सरासरी बावीस टक्क्यांच्या आसपास. ज्या पोरींना आपण संसार, बाळंतपण आणि उसाचा फड द्यायला तयार आहोत, त्यांच्यासमोर एक नाटक नको, हे मला पटत नाही. ते वडील काही बोलले नाहीत. पण त्यांची मुलगी अंक संपेपर्यंत येत राहिली, आणि कायद्याच्या पानावरचं रेखाटन तिचं आहे.

बाईच्या चारित्र्याला साक्षीदार करणं हे केवळ नाटकातलं नाही, हेही याच वयात कळायला हवं. १८७२ च्या पुरावा कायद्यात एक पोटकलम होतं: बलात्काराच्या खटल्यात फिर्यादी बाई सर्वसाधारणपणे अनीतिमान आहे असं दाखवून तिच्या साक्षीवरचा विश्वास उडवता येत असे. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या ठाण्यात १९७२ साली मथुरा या आदिवासी मुलीवर पोलिसांनी केलेल्या अत्याचाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्ये आरोपींना सोडलं. त्यावर चार कायदेपंडितांनी १९७९ मध्ये खुलं पत्र लिहिलं, देशभर बायका रस्त्यावर आल्या, १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. ते पोटकलम मात्र वगळायला २००२ साल लागलं. बेणारेबाईंचा खटला त्या प्रकारचा नाही, आणि तो खेळातला आहे. पण साक्षीदार पिंजऱ्यात येऊन तिच्याबद्दल जे जे सांगतात, तसलं सांगण्याला खऱ्या कोर्टात नाटकानंतरही ३५ वर्षं जागा होती.

मला मंडळाकडं, शिक्षण खात्याकडं फार काही मागायचं नाही. भाषा आणि इतिहास या दोन विषयांना मिळून बारा तास द्या. खटला असलेली कुठलीही एक कृती शिक्षकाला निवडू द्या. अंकाचं मूल्यमापन सजावटीवर करू नका, 'कुणी सांगितलं' या रकान्यावर करा. दुरुस्तीचा कोपरा ठेवायला लावा, आणि ज्या गटानं स्वतःची चूक छापली त्याला जास्त गुण द्या. आणि तालुक्यातालुक्याच्या वाचनालयांत ज्या जुन्या फाइली वाळवी खाते आहे, त्या मुलांसाठी उघडा. आ. कृ. वाघमारे यांनी निजामाच्या काळात 'मराठवाडा' हे पत्र सुरू केलं, पुढं अनंत भालेराव यांनी ते वाढवलं. त्या पत्राच्या भागातली मुलं आपल्या आजीच्या काळाचा एक अंकही न पाहता पदवीधर होतात.

आमच्या ग्रंथपालांच्या तीन अटी होत्या. हात धुऊन यायचं, पेन आणायचं नाही, शिसपेन चालेल, आणि पान उलटताना वरच्या कोपऱ्याला धरायचं, मधोमध नाही. यंदाची तुकडी पुढच्या शनिवारी जाते आहे. नाटक परवाच वाचून संपलं. प्रश्न या वर्षी वेगळा आला. एका मुलीनं विचारलं, सामंत बेणारेबाईंच्या बाजूनं का उभा राहत नाही?

त्यावर पहिला अंक निघेल.